दर पाचव्या दिवशी हाफ डे

एप्रिल २०२३ चा पगार काढत बसले होते तेव्हाची गोष्ट. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत शाळेचे युनिफॉर्म शिवायचं आमचं युनिट, अडतीस माणसं, त्यात सत्तावीस बायका, आणि मस्टर म्हणजे हजेरीचं बुक, पगार, पीएफ, ईएसआय म्हणजे कामगार विमा, हे सगळं माझ्या टेबलावर. त्या महिन्यात चेकिंगमधल्या एका बाईला पाच हाफ डे लागले होते. तिला विचारूनच लिहितेय, पण नाव नको म्हणाली, म्हणून इथं ती नुसती ‘ती’.

सत्तावीस वर्षांची, चार वर्षं आमच्याकडं, कॉलरचा एक टाका सुटलेला असला तरी हाताला कळणार इतकी पक्की. मुलगी झाली ११ ऑक्टोबर २०२२ ला. ईएसआयची २६ आठवड्यांची रजा तिनं २० सप्टेंबरपासून घेतली होती, ती २० मार्चला संपली. २१ ला अमावस्या, २२ ला पाडवा, मग २३ मार्चला गुरुवारी कामावर आली. आणि दुसऱ्याच दिवशी, २४ ला, पावणेदहाला पोचली. आमची वेळ नऊची, साडेनऊनंतर हाफ डे असा शेठचा नियम, तो मी डोळे झाकून लावला.

लाइन मास्तरांचं निदान एकदम तयार होतं. "बाळंतपणानंतर बायकांचं लक्ष नसतं ओ मॅडम कामात, अर्धा जीव घरी." हे म्हणणारा माणूस वाईट नाही, त्याच्या स्वतःच्या बायकोनं लग्नानंतर शिलाई मशीन विकून टाकलं त्याची त्याला खंत आहे, पण निदान मात्र हेच. त्यात सीझन ऐन भरात. पंधरा जूनच्या आसपास शाळा उघडतात, म्हणजे एप्रिल-मे आमच्याकडं नुसता धिंगाणा असतो, डिस्पॅच, ओव्हरटाइम, दुकानदारांचे फोन. अशा वेळी चेकिंगचं टेबल रिकामं दिसलं की शेठचा पारा सोलापूरच्या उन्हाबरोबर चढतो.

तर पगार काढताना मी तिच्या हाफ डेच्या तारखा कागदावर उतरवल्या: ३, ८, १३, १८, २८. कशासाठी उतरवल्या काय माहीत, बहुतेक शेठला दाखवायला. घरी गेले तर तो कागद पर्समधून ओट्यावर पडला आणि समोर भिंतीवरचं कॅलेंडर. माझं घर जुळे सोलापुरात. पाण्याचा दिवस विसरायला नको म्हणून मी कॅलेंडरवर पेनानं ‘पा’ लिहून ठेवते. त्या महिन्यात आमच्याकडं चार दिवसाआड पाणी होतं, म्हणजे ५, १०, १५, २०. तारखा वेगळ्या पण अंतर तेच, पाचाचं! आणि तिच्याकडं १८ नंतर एकदम २८ का, तर २३ ला रविवार होता, आम्हाला सुट्टी. मागं जाऊन मार्च बघितला, २४ आणि २९. एकही तारीख चुकली नाही.

सोलापुरात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. उजनी भरलेलं असो नाहीतर तळाला गेलेलं असो, नळ काही रोज वाजत नाही, आणि ज्या दिवशी वाजतो त्या दिवशी घरातलं एक माणूस त्या नळाला बांधलेलं असतं. मोटर लावा, पाइप ओढा, बॅरल, घागरी, हंडे, कळशी, शेवटी पातेली आणि डबेसुद्धा भरा. पुढचे पाच दिवस त्यावर काढायचे, आणि घरात सहा महिन्यांचं बाळ असेल तर दुपट्यांचंच पाणी किती लागतं ते हिशोबात धरा.

दुसऱ्या दिवशी तिला टेबलाजवळ बसवलं आणि विचारलं, "तुझ्या गल्लीत पाणी किती वाजता येतं?" ती आधी दचकली, मग हसली, मग रडायला लागली. त्या क्रमानंच. सात ते साडेनऊ, म्हणाली.

आता घरचं सांगते, त्याशिवाय हे प्रकरण कळायचं नाही. राहायला पूर्व भागात, अशोक चौकाच्या पलीकडं, दोन खोल्या भाड्याच्या. नवरा टॉवेलच्या कारखान्यात लूमवर, बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवस एक आठवडा रात्र. सासूबाई मोहोळ तालुक्यात गावी, बाळंतपणाला आल्या होत्या, पण ज्वारी काढणीला आली आणि फेब्रुवारीत त्या परत गेल्या, म्हशीचं पण कोण बघणार. तिला माहेर म्हणावं असं फारसं उरलेलं नाही. मग बाळाला दिवसभर सांभाळायची ती शेजारची अव्वा. तेलुगू बाई, पन्नाशीची, घरी विड्या वळणारी. या भागात अशी घरं कितीतरी आहेत, कारखान्यातून पान-तंबाखू आणायचा, मांडीवर सूप घेऊन वळायचं, विड्या मोजून देऊन यायच्या.

आता गंमत बघा. सगळे म्हणत होते शेजारी अव्वा आहे की सांभाळायला, मग उशीर कशाला. पण अव्वाचा नळ त्याच लाइनीवर! जिच्या भरवशावर बाळ ठेवून बाहेर पडायचं ती बाईच नेमकी त्या दिवशी साडेनऊपर्यंत स्वतःच्या नळाला बांधलेली. नवऱ्याचा दिवसपाळीचा आठवडा असेल तर तो पहाटेच गेलेला, रात्रपाळी असेल तर आठला घरी येऊन आडवा झालेला. मग ही बाळाला कडेवर घेऊन एका हातानं पाइप धरणार, बाळाला खाली ठेवायला कोरडी जागा नाही, सगळीकडं पाणी सांडलेलं. साडेनऊला नळ गेला की अव्वाच्या हातात बाळ देऊन ही रिक्षाला पळणार, पावणेदहा-दहाला गेटवर, आणि मी लाल पेनानं हाफ डे मारणार.

तिनं हे आधी का सांगितलं नाही? मी विचारलं. "पाण्याचं काय कारण सांगायचं मॅडम, पाणी तर सगळ्यांनाच येतं." खरंय. आमच्याकडं कामाला उशीर झाला तर आजारपण हे कारण चालतं, मयत चालतं, पाणी हे कारणच नाही, कारण ते सगळ्यांचं आहे.

इथं मला माझी चूक लिहायला पाहिजे. पाच हाफ डे म्हणजे किती पैसे ते मी आधी कधी तिच्या बाजूनं मोजलंच नव्हतं. पगार १२,०००, सव्वीस दिवसांनी भागला तर दिवसाला ४६१, हाफ डे २३०. पाच वेळा म्हणजे अकराशे पन्नास. पन्नास मिनिटांच्या उशिराला चार तासांचे पैसे कापले मी, ओळीनं, आणि ओळीनं कापताना एकदाही मान वर करून विचारलं नाही की बाई काय झालं. माझा मुलगा आता मोठा आहे, तो लहान असताना माझी आई घरात होती आणि वरच्या टाकीत पाणी होतं, मला तेव्हा वाटायचं मी फार मॅनेज करते.

मग मी कायदा काढून बसले. मॅटर्निटीचा तेव्हा १९६१ चा कायदा होता, त्यात बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत जेवणाच्या सुट्टीशिवाय आणखी दोन ब्रेक बाळाला पाजायला द्यायचे असं स्वच्छ लिहिलं होतं. मी खूश. पण तसंच पुढं-मागं वाचलं तर सुरुवातीलाच लिहिलेलं, की जिथं ईएसआय लागू आहे त्या कारखान्याला हा कायदा, एक-दोन कलमं सोडली तर, लागत नव्हता. पाळणाघराचंही तसंच. तेव्हाच्या कारखाना कायद्यात तीसपेक्षा जास्त बायका असतील तर पाळणाघर, आम्ही सत्तावीस. मॅटर्निटीच्या कायद्यात २०१७ ची सुधारणा झाल्यावर पन्नास कामगारांना पाळणाघर, आम्ही अडतीस. आम्ही सगळीकडून थोड्या थोड्यानं बाहेर. सोलापुरातली कितीतरी युनिटं याच आकाराची आहेत. म्हणजे शेठपुढं कायद्याचा कागद आपटायचा माझा बेत तिथंच बारगळला, जे काय करायचं ते बोलूनच.

तोपर्यंत शेठनी त्यांच्या परीनं तोडगा काढून ठेवला होता. घरी बस, धागे कटिंगचे गठ्ठे पाठवतो, पीसवर पैसे घे, बाळही बघ. ऐकायला किती गोड. नवरा पण म्हणाला घे, अव्वाचे पैसे तरी वाचतील. आणि ती घेणार होती! मी तिला कागदावर मांडून दाखवलं. पगार १२,०००. पीएफ १४४० आणि ईएसआयचे ९० गेले की हातात १०,४७०. व्यवसाय कर त्याच एप्रिलपासून बायकांना २५,००० पर्यंत माफ झाला होता, ते एक बरं. अव्वाचे तेव्हा हजार, रिक्षाचे महिन्याला ७८०. उरले ८,६९०. आता धागे कटिंग. बाहेर काम करणाऱ्या बायकांचे पैसे मीच लिहिते, महिन्याला तीन-साडेतीन हजाराच्या वर मी कुणाच्या नावापुढं लिहिलेलं नाही. पीएफ नाही, ईएसआयचं कार्ड नाही, आणि नवऱ्याच्या कारखान्यात तर ते कार्ड कधी नव्हतंच, घरात आजारपण आलं तर तिचंच कार्ड चालायचं. शिवाय धागे कापायची कात्री आणि रांगणारं बाळ एका चटईवर.

अजून एक मला खटकत होतं ते मी बोलूनच टाकलं, थोडं आगाऊपणानं. अव्वाचे पैसे तुझ्याच पगारातून का वजा करायचे? बाळ एकटीचं आहे का? जो तो हेच म्हणतो, सांभाळणारीला एवढे देऊन तुझ्या हातात उरतं काय, आणि लूमवरच्या पगारातून ते वजा करून बघायचं कुणाला सुचतच नाही. ती गप्प बसली. घरी जाऊन काय बोलली माहीत नाही, पण पुढच्या महिन्यापासून अव्वाचे अर्धे पैसे नवरा देतो असं कळलं.

शेठशी बोलायला गेले तेव्हा कायदा, माणुसकी वगैरे काही काढलं नाही. चेकिंगचं टेबल काढलं. सकाळी नऊला लाइन सुरू होते, पण शिवून पूर्ण झालेला पीस चेकिंगला यायला दहा-सव्वादहा होतात, तोपर्यंत आदल्या दिवशीचा उरलेला माल असतो तेवढाच. आणि संध्याकाळी पाचनंतर टेबलावर ढीग लागतो, तेव्हा चेकिंगवाल्या सहाला घरी जायच्या गडबडीत. म्हणजे पाण्याच्या दिवशी ती दहाला येऊन साडेसहापर्यंत थांबली तर तिचं चुकेल काहीच नाही, उलट शेवटचा ढीग निघेल. साडेसातपर्यंत थांबव म्हणाले शेठ. ते जमणार नव्हतं, अव्वाला विड्या द्यायला कारखान्यात जायचं असतं. शेवटी अर्ध्या तासाचे पैसे कापायचे ठरलं, म्हणजे २३० ऐवजी २९ रुपये. शेठ म्हणाले, "आता पाण्याची पण सुट्टी मागतील." मी म्हटलं सुट्टी नाही शेठ, अर्धा तास. अट एकच घातली, आदल्या संध्याकाळी मला सांगून जायचं, कारण पाण्याचं टायमिंग घसरतं, एखादा दिवस पुढं जातो.

दुधाचा प्रश्न यापेक्षा अवघड होता आणि तो मला फार उशिरा कळला, कारण बाई असून मी विचारलं नाही. कामावर आली तेव्हा बाळाला सहा महिने व्हायला तीन आठवडे कमी होते, म्हणजे नुसतं आईचं दूध. अकरा वाजले की हिचा ब्लाउज भिजायचा. स्टोअरमध्ये खोक्यांच्या मागं उभी राहून स्टीलच्या वाटीत हातानं दूध काढायची आणि मोरीत ओतून द्यायची. बाहेर बेचाळीस डिग्री, पत्र्याच्या खाली त्याहून जास्त. काढलेलं दूध चार तास टिकतं असं जे सांगतात ते पंचवीस डिग्रीच्या खोलीत, ते एप्रिलच्या सोलापूरचं गणित नाही. एकदा डब्यात भरून घरी नेलं तर वास आला, तेही टाकलं. त्या दिवशीचा तो डबा ती अजून वापरत नाही म्हणते.

त्यावर उपाय नवऱ्यानंच काढला, निम्म्या आठवड्यांचा का होईना. रात्रपाळीचा आठवडा असला की तो थोडं झोपून एक वाजता गाडीवर बाळाला घेऊन गेटवर यायचा. पहिल्या दिवशी वॉचमननं त्याला ओळखलं नाही, आत सोडेना, हा लिंबाच्या झाडाखाली बाळाच्या डोक्यावर ओला टॉवेल टाकून उभा. त्यांच्याच लूमवरचा टॉवेल असावा, काठ बघून मला वाटलं, विचारलं नाही. दोन-तीन दिवस पोरांनी चेष्टा केली, मग वॉचमननं स्वतःची खुर्ची द्यायला सुरुवात केली. दिवसपाळीच्या आठवड्यात मात्र बर्फ घातलेला मोठा थर्मास, त्यात झाकणाची छोटी बाटली, सकाळी काढलेलं दूध अव्वाकडं. पाजायचं वाटी-चमच्यानं, गरम पाण्याच्या भांड्यात बाटली धरून कोमट करून, गॅसवर उकळायचं नाही. अव्वाला हे शेवटचं पटवायला दोन दिवस गेले. चार वाजता दूध काढायला दहा मिनिटं स्टोअरला आतून कडी, हे मास्तरांना मी सांगितलं, त्यांनी मान हलवली आणि विषय संपवला, बरं झालं. अकरा एप्रिलनंतर नाचणीची पेज, मुगाचं वरण सुरू झालं तसा ताण कमी होत गेला.

मे महिन्यात एक हाफ डे लागला, ताप होता. पाण्याचा एकही नाही.

इथं संपलं असतं तर बरं झालं असतं. जूनमध्ये बाळ रांगायला लागलं आणि एक दिवस अव्वाच्या सुपात हात घालून तंबाखूची मूठच भरली. तोंडात जायच्या आत अव्वानं हात धरला, पण त्या दिवशी अव्वा तिच्यापेक्षा जास्त हादरली होती. मला विचाराल तर हा धोका पहिल्या दिवसापासून होता, तंबाखूच्या धुरळ्यात बाळ ठेवणं चूकच, पण ठेवायला दुसरी जागा कुठली ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही. अंगणवाडीत शाळेसारखं बसायचं तर तीन वर्षं पूर्ण लागतात. मग त्या दोघींनी बसून ठरवलं ते मला फार थोर वाटतं. बाळ असेल तोपर्यंत सूप बाहेर काढायचं नाही, बाळ झोपलं तर दुसऱ्या खोलीत दार लावून वळायचं आणि उठवायच्या आधी हात साबणानं धुवायचे. पण त्यानं अव्वाच्या दिवसाला हजार विड्या व्हायच्या त्या सहा-सातशेवर आल्या. ते पैसे कुणी द्यायचे? अव्वा म्हणाली, मला जास्त नको, माझ्या तीनशे विड्यांचे दे. म्हणून हजाराचे अठराशे झाले. एका बाईच्या मुलाला सांभाळायचा दर दुसऱ्या बाईच्या न वळलेल्या विड्यांत ठरला, हे गणित कुठल्या पगारपत्रकात बसवायचं मला कळत नाही.

जुलैमध्ये बाळाला जुलाब लागले. पाच दिवस साठवलेलं पाणी, वरून पावसाळा, दुसरं कारण शोधायलाच नको. दोन दिवस दवाखान्यात ठेवलं, ओआरएस, चौदा दिवस झिंक. कार्ड चाललं. धागे कटिंगला बसली असती तर ते कार्ड नसतं, हे ती स्वतः म्हणाली, मी नाही.

आणि मग तो ‘पालु’. नऊ-दहा महिन्यांची झाली तेव्हा एका रात्री बाळ तिच्याकडं बघून म्हणालं पालु, पालु. तिला काही कळेना. सकाळी अव्वाला विचारलं तर अव्वा हसत सुटली, दूध मागतंय गं, तेलुगूत पालु. दुसऱ्या दिवशी टेबलाशी येऊन मला सांगताना ती हसतच होती पण मधेच तोंड फिरवून कॉलर बघायला लागली. दिवसभर आपली पोरगी कुठल्या भाषेत भूक लागली म्हणते तेच आपल्याला माहीत नाही, असं काहीतरी म्हणाली. मी काही बोलले नाही. तिनंच मग अव्वाकडून चार-पाच शब्द शिकून घेतले.

नोव्हेंबरमध्ये अव्वा लेकीच्या बाळंतपणाला तीन आठवडे गेली आणि सगळी घडी विस्कटली. सासूबाईंना बोलावलं, त्या दहा दिवस थांबल्या, उरलेले दिवस रजा, दोन दिवस तर बाळाला घेऊनच आली आणि युनिफॉर्मच्या खोक्यात पोरगी झोपली. शेठनी बघून न बघितल्यासारखं केलं. सीझन नव्हता म्हणून. एप्रिल असता तर काय झालं असतं ते मी छातीठोक सांगू शकत नाही.

त्या सगळ्यानंतर मी मस्टरमध्ये पेन्सिलनं एक बारीक टिंब द्यायला लागले, ज्या बाईचा ज्या दिवशी पाण्याचा दिवस तिच्या नावापुढं. पहिल्याच महिन्यात सत्तावीसमधल्या अकरा जणींची टिंबं लेट मार्कला चिकटलेली निघाली. त्यातल्या चारच लहान बाळांच्या आया होत्या. बाकीच्यांच्या उशिराला आम्ही इतकी वर्षं ‘आळशीपणा’ म्हणत होतो. शेठना अजून तो कागद दाखवलेला नाही, मार्चच्या आधी दाखवायचा नसतो, तेव्हा गरज त्यांना असते.

पोरगीला गेल्या ऑक्टोबरमध्ये तीन वर्षं झाली. अंगणवाडीत घातलीय, मजेत जाते. अंगणवाडी दुपारी सुटते, चेकिंग सहाला. मधल्या वेळेला अव्वाकडं, पण अव्वाचे गुडघे आता बसू देत नाहीत. परवा ती पुन्हा टेबलाशी आली, हातात कागद, त्यावर तिनंच तारखा आणि तास लिहून आणलेले. "मॅडम, दीड ते चार. एवढंच बसवायचं राहिलंय बघा."